दाराबाहेरचं सामान

खोकला पुरुषाचा होता, त्यात तिळमात्र शंका नाही. बाईचा खोकला असा छातीच्या तळातून वर येत नाही. तो गुरुवारी दुपारी फोनमधून आला, डेल्फिनाच्या पाठीमागून. लेलँड त्या वेळी फिनिक्समधल्या एका अर्धवट इमारतीच्या बाहेरच्या अंगाला, लोंबत्या फळीवर उभा होता. कमरेला पट्टा, समोर भिंतीएवढी काच, कानात बायको. ती सांगत होती, "शनिवारी सकाळी ग्रहण आहे, लक्षात आहे ना? शुक्रवारी रात्रीच निघ. नाहीच जमलं तर सगळं आटोपल्यावर ये. मधेच कडमडू नकोस." तेवढ्यात तो खोकला. "कोण आहे गं तिथे?" असं त्यानं विचारलं आणि फोन मेला. आता गावी, होपींच्या पठारावर, फोन मरतो यात नवल काहीच नाही. तिथं पाण्याच्या टाकीपाशी जाऊन, मान वाकडी करून बोलावं लागतं, आणि वारा जरा फिरला की आवाज गेलाच म्हणून समजा. पण टाकीपाशी ती कुणाला बरोबर घेऊन गेली होती? आणि घरातूनच बोलत असेल, तर घरात खोकणारं कोण? घरात सासू, डेल्फिना आणि आठ वर्षांची आयव्ही. खोकण्याजोगा पुरुष त्या घरात एकच, आणि तो इथं फळीवर लोंबकळत होता. डेल्फिनाचा मामा, एमरी, त्याचा खोकला जुना खरा. पण त्याचे गुडघे गेलेले. तो खाली शेतावरच्या खोपटात राहतो, पठार चढायचं म्हटलं की शिव्या देतो. छे, एमरीमामा नव्हे. लेलँडनं मामाला असा झटक्यात बाजूला काढला आणि त्याला उगीच बरं वाटलं. मामा निघाला असता तर गोष्ट तिथंच संपली असती.

पुन्हा फोन लावता आला असता. संध्याकाळी लावता आला असता, शुक्रवारी लावता आला असता. लेलँडनं लावला नाही. विचारण्याची त्याला सवयच नव्हती, बघण्याची होती. गेल्या हिवाळ्यात तो न सांगता मधल्याच वारी घरी गेला होता आणि ट्रक वळणावर ठेवून चालत आला होता, तेव्हा डेल्फिना दारात पीठ चाळत होती. तिनं त्याच्या बुटांकडे बघितलं, वळणाकडे बघितलं आणि सगळं ओळखलं. "विचार ना एकदा तोंडानं," ती म्हणाली होती. "काय हवं ते विचार. रागावेन, चार भांडी आपटेन, पण सांगेन. हे नुसतं बघत बसणं मला सहन होत नाही, लेलँड. माझ्या आईच्या घरात मला चोरासारखं वाटायला लावतोस." तो हसला होता, ट्रकचं चाक बसलं म्हणून चालत आलो असं म्हणाला होता. ती हसली नव्हती. त्यानंतर तो शहाणा झाला, म्हणजे ट्रक वळणावर ठेवायचं त्यानं सोडलं. संशय मात्र कुठं जातो? दाताच्या फटीत अडकलेल्या तंतूसारखा तो असतोच, जीभ आपली सारखी तिथं जाते.

गुरुवारी संध्याकाळी आत्याचा फोन आला आणि भर पडली. आत्या म्हणजे बापाची थोरली बहीण, रोवेना. सत्तरी उलटली तरी भाच्याची प्रेयसी असल्यासारखीच बोलणार. आत्यांनी असं बोलायचंच असतं, भाच्याच्या बायकोला सवत म्हणायचं, आळशी म्हणायचं, तिच्या हातच्या पीकीला, त्या कागदासारख्या पातळ मक्याच्या रोटीला, चामडं म्हणायचं, आणि भाच्यानं हसायचं. लग्नात तर याच आत्यानं सगळ्या बहिणी जमवून डेल्फिनाच्या घरावर चिखलाचे गोळे मारले होते. ती तर रीतच आहे, आणि डेल्फिनाच्या आईनंही तितक्याच आनंदानं उलट चिखल फेकला होता. "काय रे सख्या," आत्या म्हणाली, "शहरात वाळून चाललास, आणि तिकडे ती भवानी कोणाला जेवायला वाढतेय? एक दिवस तुझे जोडे दाराबाहेर फेकेल बघ! मग ये माझ्याकडे. मी अजून पीठ दळते हो!" पंधरा वर्षं हीच थट्टा, आणि पंधरा वर्षं तो हसत आलेला. या वेळी तो हसला नाही. "तुला कोणी काही सांगितलं का?" त्यानं विचारलं. पलीकडे आत्या गप्प झाली. "अरे, थट्टा केली मी," ती म्हणाली, "तुला बरं नाही का?" पण ती गप्प का झाली? थट्टा असती तर लगेच बोलली असती. मधला तो क्षण त्यानं खिशात टाकला, खोकल्याशेजारी.

जोडे दाराबाहेर. हे सगळ्यांच्याच तोंडी असतं, कारण होपींमध्ये घर बाईचं. घर, शेत, कणसांची रास, मुलं, सगळं तिच्या कुळाचं. नवरा राहतो तो तिच्या आईच्या छपराखाली. नको झाला की कोर्टकचेरी नाही, आरडाओरडा नाही. त्याचं सामान एका सकाळी दाराबाहेर दिसतं. तो ते उचलतो आणि आपल्या आईच्या नाहीतर बहिणीच्या घरी जातो. उचललं की संपलं. लेलँडनं हे बघितलं होतं. आयव्हीएवढाच असेल तेव्हा, गच्चीवर होता, आणि खाली दारापाशी बापाचं सामान होतं. नाड्यांनी एकमेकांना बांधलेले बूट, खटका तुटलेला रेडिओ, कुदळ, पेरणीची काठी, अंथरुणाची वळकटी. बाप शेतावरून आला, थबकला. दाराला हात लावला नाही. बंद दाराकडे तोंड करून जरा उभा राहिला आणि मग शेजारच्याची हातगाडी मागून आणली. आतून आई हाक मारत होती, "लेलँड, खाली ये. आत ये म्हणते ना! असं बघू नये!" तो गेला नाही. कठड्यावर हनुवटी टेकून त्यानं सगळं बघितलं, एकेक वस्तू हातगाडीत जाताना. बापानं शेवटी रेडिओ उचलला आणि मान वर केली. दोघांची नजर भिडली. बाप काही रडला बिडला नाही, उलट जरा हसलाच. पण ते हसू लेलँड अजून विसरलेला नाही. पुढे एकदा, बऱ्याच वर्षांनी, बियर पिताना बाप म्हणाला होता, "सामान पटकन उचलावं, पोरा. लोकांची न्याहारी व्हायच्या आत. तेवढी तरी अब्रू राहते." तेवढीच शिकवण बापानं मागे ठेवली, आणि ती पेरणीची काठी. काठी डेल्फिनाच्या घरी मागच्या खोलीत असते, लेलँडच्या बाकीच्या पसाऱ्यात.

शुक्रवारी रात्री तो निघाला नाही. निघायचं नाही असं त्यानं ठरवलं नव्हतं. खोलीवर बसला, बूट घातले, काढले, पुन्हा घातले, आणि बसल्या बसल्या डोक्यात एक विचार आला. आला तो इतका सरळ आणि स्वच्छ की लेलँडला स्वतःचीच जरा भीती वाटली. ग्रहण लागलं की पठारावर कोणी घराबाहेर पडत नाही. जो जिथं असेल तो तिथं. म्हणजे जो कोणी त्या घरात खोकत असेल, तोही तिथंच. ग्रहण लागता लागता पोचायचं, समोर ट्रक लावायचा, आणि सुटल्यावर दार उघडेल तेव्हा बघायचं, कोण बाहेर येतं. इतकी सोपी युक्ती आजवर कोणालाच कशी सुचली नाही? सुचली नाही, कारण असल्या वेळी असलं काही सुचू नये. त्या वेळी मन चांगलं ठेवायचं असतं, आपल्यासाठी, सगळ्यांसाठी, पावसासाठी, हे पाजल्या दुधासोबत सांगितलेलं. लेलँडला ते ठाऊक होतं. त्यानं दिवा मालवला आणि बूट घालूनच आडवा झाला.

पहाटे निघाला. डोंगर चढून गारव्यात आला, तर पाइनच्या रानातल्या गावात मोटेलांसमोर गाड्यांची झुंबड, लोक रस्त्यावर खुर्च्या टाकून बसलेले, दुर्बिणी, पोरांच्या नाकावर पुठ्ठ्याचे चष्मे, एकीकडे वाजंत्रीसुद्धा. जत्राच. त्याच्याही ट्रकमध्ये तसला चष्मा होता. कामावर मुकादमानं सगळ्यांना वाटले होते, "तुमच्याकडे तर काय मस्त दिसणार, नशीबवान आहात!" आणि लेलँडनं "हो हो" म्हणून खिशात घातला होता. कोणाकोणाला सांगणार? नवाहोंच्या हद्दीत शिरल्यावर एकदम शुकशुकाट. कडेचे मटणरोटीचे ठेले बंद, कुत्रीसुद्धा गाड्यांखाली. नवाहोंची वेळ निराळी, त्यामुळे फोनवरचं घड्याळ नेहमीसारखं तासभर पुढे उडालं, आणि होपींच्या हद्दीत आल्यावर पुन्हा मागे आलं. त्यानं वेग कमी केला. वेळेआधी पोचून चालणार नव्हतं. कपात गरम कॉफी होती, तीही त्यानं घेतली नाही. इतकं मात्र तो पाळत होता, आणि पाळतोय याचं त्याला स्वतःशीच कौतुक वाटत होतं.

गाव निपचित पडलं होतं. चुलींचा धूर नाही, रेडिओ नाही, पोरं नाहीत. कड्याच्या टोकाशी सासूचं घर, दगडी, जुनं. त्याला पुढच्या अंगाला दोन मोठ्या नव्या खिडक्या. त्या लेलँडनंच बसवल्या, दोन उन्हाळ्यांमागे, शहरातून काच आणून. सासूनं तेव्हा नाक मुरडलं होतं, "एवढं भगदाड कशाला? मला माझं दळण दिसतंय की." पण मग रोज सकाळी तिथं बसून ती खालचं रान बघायला लागली. आज त्या दोन्ही खिडक्यांना आतून जाड घोंगड्या लावल्या होत्या, कडा खिळ्यांनी ठोकलेल्या. ग्रहणासाठीच, दुसरं कशासाठी? तरी त्याच्या मनात आलंच, माझ्याच काचा, आणि माझ्यापासूनच झाकल्यात. मग त्याची नजर खाली आली.

दारापाशी त्याचं सामान होतं.

हवा भरायचं यंत्र. अवजारांची लोखंडी पेटी. काचा उचलायच्या रबरी वाट्या. जादाचं चाक. जुने बूट, खोगीर, ताडपत्रीची वळकटी, शाळेतला बेसबॉलचा हातमोजा. सगळं भिंतीलगत नीट रचलेलं. पेरणीची काठी तेवढी वेगळी, दाराच्या चौकटीला टेकवून उभी. लेलँडला सगळ्यात आधी काय वाटलं असेल, तर आश्चर्य नव्हे, दुःखही नव्हे. त्याला वाटलं, बघ! मी म्हणत नव्हतो? पंधरा वर्षं ज्याची वाट बघितली ते शेवटी आलं, आणि त्याच्या छातीतलं काहीतरी सैल झालं. त्यानंतर पोर आठवली. आयव्ही, तिचे पुढचे पडलेले दात, ती आत आहे. माझी पोर आत आहे, आणि मी तिच्या घरचा नाही. दार ठोठावावं असं क्षणभर त्याच्या हातात आलं. पण ज्याचं सामान बाहेर आहे तो दार ठोठावत नाही. बापानं ठोठावलं नव्हतं. एवढ्यात उन्हाचा रंग उतरू लागला होता. ढग नव्हता, धूळ नव्हती, तरी ऊन पाणी घातलेल्या दुधासारखं पातळ दिसायला लागलं, आणि त्याच्या सावलीची कड सुरीनं कापल्यासारखी झाली. पटकन उचलावं. कोणी बघायच्या आत. आणि आज तर बघणारं कोणी नाही, सगळं गाव डोळे मिटून बसलंय, याहून चांगली वेळ कुठली? त्यानं यंत्र ओढलं, ते दगडांवरून खडखडत गेलं. पेटी, चाक, खोगीर. धापा टाकत, मान खाली घालून, वर अजिबात न बघता त्यानं एकेक ट्रकच्या मागे टाकलं. बापाला एवढा वेळ का लागला होता, असंही मधेच मनात आलं. शेवटी काठी घेतली. मग ट्रकमध्ये शिरला, दारं ओढली, मागच्या बाकावरची जुनी घोंगडी डोक्यावरून घेऊन बसला.

आता निघून जायला हवं होतं. बहिणीचं घर शेजारच्या पठारावर, फार लांब नाही. पण ग्रहणात गाडी चालवायची? अंगात एवढा राग असूनही किल्ली फिरवायला त्याचा हात उठेना. तो स्वतः लावलेल्या सापळ्यात स्वतःच बसला होता, बायकोच्या दारासमोर, आपल्याच सासरी, घोंगडीखाली, कोंबडं झाकून ठेवावं तसा. हसू येण्यासारखंच होतं, पण हसणारं दुसरं माणूस नव्हतं. मग तो खोकणाऱ्याकडे वळला. कोण असेल? शाळेची बस चालवणारा तो दांडगा? शेजारच्या गावचा तो विधुर, जो सासूला दर आठवड्याला लाकडं आणून देतो आणि पैसे घेत नाही? का घेत नाही? लेलँडनं एकेकाला त्या घरात बसवून बघितलं, आपल्या खुर्चीवर, आपला कप हातात देऊन. सगळे बसले. कोणीही शोभत होतं, हेच वाईट. सासूनं काय म्हटलं असेल त्याला? सासू दारात येईल त्याला एकच म्हणते, मग तो पाहुणा असो, विमावाला असो, रस्ता चुकलेला गोरा असो. "ये, बस, जेवून जा." लेलँडला तिनं हे कधीच म्हटलं नव्हतं. लग्नानंतर तो आला त्या पहिल्या दिवशी म्हणाली होती, "पाय पूस आणि लाकडं आत आण." नंतरही तेच. तेव्हा त्याला ते लागलं होतं. डेल्फिना हसून म्हणाली होती, "वेडा आहेस का? घरच्या माणसाला कोणी जेवून जा म्हणतं?"

घोंगडीला कसरीनं भोकं पाडली होती. मान खाली घातलेल्या लेलँडला आपल्या गुडघ्यावर उजेडाचे ठिपके दिसले, आणि बघता बघता ते ठिपके ठिपके राहिले नाहीत. कापलेल्या नखांसारख्या कोरी झाल्या, सगळ्या एकाच बाजूला वळलेल्या. न बघताही तो बघत होता! त्यानं गुडघ्यावर तळवा ठेवला, तर कोरी हातावर आल्या. गार वारा सुटला. कुठंतरी कोंबडा आरवला आणि मधेच थांबला. हातावरच्या कोरी वाकत गेल्या, टोकं जुळली, आणि अंगठ्याच अंगठ्या झाल्या, बारीक, जळत्या, मधे काळ्या. लेलँडनं डोळे घट्ट मिटले. मागचं ग्रहण त्याला आठवलं, लग्नानंतर काही वर्षांनी झालेलं, आयव्ही झाली नव्हती. तेव्हा खिडक्या लहान होत्या, पुढच्याच खोलीत सगळे जमिनीवर बसले होते. लेलँडच्या आईच्या कुळाची रीत थोडी निराळी, या घराची निराळी. कोणी कोणाला चूक म्हणत नाही. तो तसा नवाच जावई, त्यानं शहाणपणा केला होता, "चष्मा लावला की डोळ्यांना काही होत नाही, सोओ. शहरात सगळे बघतात." सोओ म्हणजे आजी. मूल व्हायच्या आधीपासून तो सासूला तेच म्हणायचा. ती रागावली नाही. म्हणाली, "डोळ्यांचं कोण बोलतंय? तो बाप आहे आपला. रोज उगवतो, रोज कणीस पिकवतो. आज बिचाऱ्यावर वेळ आलीय. बापावर वेळ येते तेव्हा पोरांनी दारात उभं राहून तोंडाकडे बघायचं असतं का? आपण आत बसायचं, त्याचं भलं चिंतायचं, त्याला सावरू द्यायचं. असं बघू नये." तेव्हा त्या अंधाऱ्या खोलीत त्यानं एकदम मान खाली घातली होती, आणि डेल्फिनानं न विचारता त्याचा हात धरला होता. गच्चीवरची ती गोष्ट त्यानं तिला त्याच दिवशी सांगितली, आयुष्यात एकदाच. ती सगळं जाणते. जाणूनसुद्धा तिनं माझं सामान तसंच, नेमकं तसंच, दाराबाहेर रचलं? हे त्याच्या मनात आलं आणि त्याला तिचा इतका राग आला की अंगठ्या, सूर्य, बाप, सगळं विसरून तो दात खात बसला. ती असं करेल का, हा प्रश्न मात्र त्यानं स्वतःला विचारला नाही. विचारायची सवय नव्हती ना.

किती वेळ गेला कोण जाणे. घोंगडीखाली ऊब आली. कुत्रं भुंकलं, मग दुसरं. उजेड पुन्हा जाड झाला. शेजारच्या घराचं दार करकरलं, हलक्या आवाजात बाया बोलल्या, आणि मग समोरचं दार उघडल्याचा आवाज आला. लेलँडनं घोंगडी भिरकावली आणि ट्रकमधून उतरला. आधी सासू आली, मुठीत पांढरं मक्याचं पीठ घेऊन. तिनं याच्याकडे बघितलं नाही. कड्यापर्यंत गेली, पुटपुटली, पीठ उन्हाकडे सोडलं. बाळंतिणीपाशी बोलावं तसा तिचा आवाज मऊ होता. मग डेल्फिना आली, अंगावर चांगली शाल. तिनं दाराजवळच्या रिकाम्या भिंतीकडे बघितलं. मग ट्रककडे. मग त्याच्याकडे. तिचे डोळे सुजले होते, पण ती शांत होती, आणि तिच्या ओठांवर काहीतरी येऊन थांबलं होतं. ती त्याला एक संधी देत होती, हे त्याला नंतर, कितीतरी नंतर कळलं. त्या वेळी त्याच्या तोंडून जे बाहेर पडलं ते गुरुवारपासून आत कुजत होतं.

"कोण खोकलं होतं?"

"काय?"

"गुरुवारी. फोनवर. कोण खोकलं?"

डेल्फिनाला उत्तर द्यायची गरजच पडली नाही. दारातून काठी टेकत, कमरेवर हात ठेवून एमरीमामा बाहेर आला, उजेडात आल्याबरोबर त्याला ठसका लागला, आणि तो छातीच्या तळापासून खोकला. "आलास होय रे दिवट्या!" तो म्हणाला. "तुझं ते यंत्र मागच्या खोलीतून बाहेर काढता काढता माझी कंबर गेली. गुरुवारपासून डांबून ठेवलंय या बायांनी मला. काय हत्ती पाळलायस का तिथं?" आणि मग त्याला ट्रक दिसला. त्याचं हसू तोंडावरच राहिलं. तो खाली बघायला लागला.

"मागची खोली रिकामी केली," डेल्फिना म्हणाली. ती अगदी सावकाश बोलत होती. "तुझ्या खिडक्यांमुळे पुढच्या खोलीत घोंगड्या लावूनसुद्धा उजेड येतो. मागच्या खोलीला खिडकी नाही. पण तिथं तुझ्या पसाऱ्यात मांजराला बसायला जागा नव्हती. तू येणार, म्हणजे आपण सगळे मावायला हवेत. म्हणून काढलं. काल तुझी वाट बघितली. सकाळी ट्रकचा आवाज आला. आई म्हणाली, आला! खिळा काढून ठेवला आम्ही, तू शिरशील म्हणून."

"मला वाटलं..."

"काय वाटलं ते मला ऐकू आलं, लेलँड. यंत्र ओढल्याचा आवाज मी ओळखते. पेटीचा ओळखते. खोगीर टाकल्याचासुद्धा. आयव्ही म्हणाली, बाबा काय करतोय? मी म्हटलं, कुत्री असतील. ऊन उतरलं होतं, मला बाहेर येता येईना. अंधारात पोरीला मांडीवर घेऊन मी सगळं ऐकत बसले. काठी उचललीस तोपर्यंत मला वाटत होतं, दार ढकलेल. शिव्या देत येईल, पण येईल."

तो म्हणाला, "मी परत ठेवतो. आत्ता ठेवतो सगळं." त्याचा आवाज त्यालाच पोरकट वाटला. तो ट्रककडे धावला, चाकाला हात घातला. सासूही म्हणाली, "ठेवू दे गं. कोणी बघितलेलं नाही." पण डेल्फिना आत गेली होती. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात लोकरीसकट मेंढीचं कातडं होतं, वर घडी केलेली चादर. कातडं बसायचं, चादर पाठीला लावायची, त्याची पाठ दुखते म्हणून. मागच्या खोलीत भिंतीशी त्याची जागा मांडून ठेवली होती, ती तिनं उचलून आणली होती. सामानातली ही एकच वस्तू तिनं बाहेर काढली नव्हती. ती ट्रकपाशी आली, त्याच्या हाताखालचं चाक तिनं नुसतं बोटानं मागे सारलं, आणि खोगीर, पेटी, बूट या सगळ्यावर ते कातडं नीट पसरून ठेवलं. वाऱ्यानं उडू नये म्हणून वर बापाची काठी आडवी ठेवली.

"डेल..."

"तिकडे बहिणीकडे थंडी पडायला लागेल," ती म्हणाली. "पांघर."

गल्लीत बाया बाहेर आल्या होत्या, मुठीत पीठ, पोरं धुतलेल्या तोंडांची. त्यांनी ट्रक बघितला, सामान बघितलं, आणि एकेकीनं पाठ फिरवली. तिरस्कारानं नव्हे. हळूच, सवयीनं, जशी दोन घटका आधी सगळ्या गावानं फिरवली होती. लेलँडला हे लख्ख दिसलं. सासू जवळ आली. हातावर उरलेलं पीठ तिनं झटकलं नाही, मूठ मिटूनच ठेवली. तिला त्याची कणव आली होती, ते तिच्या सगळ्या तोंडावर होतं.

"चुलीवर मटण आणि मका शिजतोय," ती म्हणाली. "आलायस, तर जेवून जा."

तेव्हा दारात आयव्ही उभी राहिली. चौकटीला हनुवटी टेकून ती बघत होती. चाक, पेटी, बूट, आणि मग सरळ बापाच्या तोंडाकडे. लेलँडला हसावं असं वाटलं, आणि आपण कसं हसणार आहोत हे त्याला माहीत होतं, म्हणून त्यानं ओठ आवळून धरले. सासूनं लगबगीनं जाऊन नातीच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तिला आत वळवलं.

"चल गं आत," ती म्हणाली. "असं बघू नये."